दादा, पॅकिंग हॉलमधल्या त्या रात्रीबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा घे आधी" म्हणत विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात आधी नेटवर्कवरची सगळी यंत्रं पत्त्यांच्या एकाच रेंजमध्ये कोंबलेली होती. त्या आठवड्यात मी त्यांची विभागणी केली: ऑफिस व्हीलॅन १० वर (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क), पॅकिंगचे बारकोड स्कॅनर ३० वर, पाहुण्यांचं वायफाय ४० वर. ऑफिस सुरळीत चाललं, पण पॅकिंगमधला प्रत्येक स्कॅनर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता, म्हणजे सर्व्हरकडून काही न मिळाल्यावर यंत्र स्वतःच घेतं तसला, दाखवून गप्प. दारात कंटेनर उभा, बायका खोक्यांपाशी बसून, आणि मी तीन तास पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरवरची रेंज पुसतोय, परत बनवतोय. ज्यांच्याकडून स्विच घेतला ते फोनवर म्हणाले, स्विचच बदला.

तुम्ही होम मैदानावर होतात, मुलांना घेऊन. तसेच आलात.

आल्यावर एकच विचारलंत, "स्कॅनरची हाक सर्व्हरपर्यंत पोचती का रे?" मला प्रश्नच कळला नाही. मग जुन्या डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर तुम्ही चौकोन काढलेत. पत्ता नसलेलं यंत्र सगळ्यांना ओरडून पत्ता मागतं आणि ते ओरडणं व्हीलॅनच्या भिंतीबाहेर जात नाही. सर्व्हर पलीकडे, १० मध्ये. मधल्या स्विचने ती मागणी उचलून नेली पाहिजे. नेताना तो तिच्यावर स्वतःचा ३० मधला पत्ता घालतो आणि त्यावरूनच सर्व्हरला कळतं की कुठल्या रेंजमधून द्यायचं. मी व्हीलॅन ३० ला गेटवे (बाहेर जायची वाट) दिला होता, आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस दिलाच नव्हता, म्हणजे मागणी कुठल्या सर्व्हरकडे न्यायची ती ओळच नव्हती. रेंजमध्ये काहीच चुकलं नव्हतं, आणि मी तीच खोदत बसलो होतो.

ती एक ओळ टाकायच्या आधी तुम्ही मला थांबवलंत. लेबल प्रिंटरना मी हाताने .११ पासून (हा पत्त्याचा शेवटचा आकडा) पत्ते दिले होते, आणि रेंज .२ पासूनच सोडली होती. "उद्या प्रिंटरचा पत्ता स्कॅनरला गेला म्हणजे?" पहिले वीस बाजूला काढायला लावलेत. मग पहिल्या स्कॅनरला १९२.१६८.३०.२१ मिळाला. हॉलमध्ये बीपचा आवाज आला, तो अजून कानात आहे.

तिथून घरी गेला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही पाहुण्यांच्या वायफायचा ४० उघडलात. विंडोज सर्व्हर आपणहून आठ दिवसांची लीज, म्हणजे पत्ता वापरायची मुदत, देतो. ट्रकवाला तासभर थांबणार आणि त्याच्या फोनने पत्ता आठवडाभर अडवून ठेवायचा. जेमतेम अडीचशे पत्ते, किती दिवस पुरणार? तुम्ही लीज चार तासांवर आणलीत. ऑफिसची तशीच ठेवलीत, कारण तिथली माणसं रोजची.

ते चलन सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. गेल्या महिन्यात कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन ५० केला. कॅमेरे किती ते आधी मोजले, पहिले वीस पत्ते राखले, हेल्पर टाकला, आणि एकही कॅमेरा जोडण्याआधी त्या पोर्टला लॅपटॉप लावून पाहिला. .२१ आला. तुम्हाला फोन करावासा वाटला, पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

वहिनींना सांगा, मुलांचा त्या रात्री राहिलेला पाळणा येत्या गड्ड्यात माझ्याकडे लागला.

तुमचा,
कारखान्यातला धाकटा