सूचना : मोफत खतवाटप आणि त्याबाबतच्या तक्रारी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या कोथरूड येथील सोसायटीत ओल्या कचऱ्यापासून तयार झालेल्या खताचे मोफत वाटप येत्या रविवारी सकाळी ८ ते १० या वेळेत खतखड्ड्यांजवळ होईल. प्रत्येक सदनिकेस ५ किलो खत मिळेल. पिशवी स्वतःची आणावी.

मागील वाटपानंतर खत ओलसर आहे, त्यात कोयी निघाल्या, शेजाऱ्यांची पिशवी अधिक भरली, इतकेच नव्हे तर ते घरपोच का दिले नाही, अशाही तक्रारी समितीकडे आल्या. एका सभासदांनी तर पिशवी बदलून मागितली; जणू ती दुकानातून पावतीसह आणली होती. मुरलेले खत गडद, भुसभुशीत आणि किंचित ओलसरच असते व त्याला मातीसारखा वास येतो. आंब्याची कोय किंवा नारळाची करवंटी लवकर कुजत नाही, ती चाळून पुन्हा खड्ड्यात टाकावी. प्लॅस्टिकचे तुकडे आणि रबरबँड मात्र आपल्याच घरांतील बादल्यांतून आलेले असतात.

१. खताला आंबट किंवा कुजका वास आल्यास ते अर्धवट मुरलेले समजून अवश्य कळवावे. ही तक्रार रास्त आहे.

२. अन्य तक्रारी असलेल्या सभासदांनी शनिवारी सायंकाळी ५ वाजता खत चाळण्यास यावे. गेल्या वेळी या कामास तिघेच उपस्थित होते.

३. उरलेले खत सोसायटीच्या बागेत वापरले जाईल. नंतर मागणी करू नये.

सचिव, व्यवस्थापन समिती