काका, तुमच्यामुळे सात तारखेच्या पगाराची धडकी गेली

काका, नमस्कार. तुम्हाला समोर बसून थँक्यू म्हटलं की तुम्ही विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप, पॅकिंग धरून चौदा माणसं, आणि पगार म्हणजे मैत्रिणीकडून आणलेली एक एक्सेल शीट. ती शीट सगळ्यांचे सरसकट दोनशे रुपये पीटी, म्हणजे पगारावरचा व्यवसाय कर, कापायची. तुम्ही चष्मा वर करून एवढंच विचारलंत, "पॅकिंगच्या बायकांचेही कापतेस?" महाराष्ट्रात बायकांना महिना पंचवीस हजार पगारापर्यंत पीटी नाही, एप्रिल २०२३ पासून, आणि मी बिचाऱ्यांचे कापतच होते! मागचे सगळे पैसे परत दिले, तेव्हा एक ताई म्हणाली बोनस आला का, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ईएसआय, म्हणजे कामगारांचा आजारपणाचा सरकारी विमा. मला वाटायचं वीस माणसांनंतरच सगळं लागू होतं, पण ते पीएफचं, ईएसआय दहालाच लागतो. अठरा हजार पगारावर कामगाराचे १३५ आणि माझे ५८५, हे तुम्ही बिलाच्या पाठीमागे लिहून दाखवलंत ते बिल अजून ड्रॉवरमध्ये आहे.

मी तर सॉफ्टवेअर घ्यायलाच निघाले होते, डेमो पण झाला होता, माणशी दर महिन्याला पैसे. तुम्ही म्हणालात आधी तीन महिने हाताने पगारपत्रक कर, काय कापतेय ते कळल्याशिवाय मशीनला काय सांगणार. राग आला होता खरं सांगते. पण तिसऱ्या महिन्यात फेब्रुवारीला पीटी दोनशेऐवजी तीनशे कापायचा हे मला न विचारता आठवलं. शेवटी हिशेबाचं टॅली आधीच होतं, त्यातलंच पगाराचं पेरोल चालू केलं, आणि कापलेले पैसे सरकारात भरायचं चलन-रिटर्नचं काम कन्सल्टंटकडे, कारण पंधरा तारखेला पोर्टल लटकलं की माझ्याच्याने होत नाही. सगळंच बाहेर देऊ नको, हजेरी आणि ओव्हरटाइम तुझ्याच हातात ठेव, हे तुमचं ऐकलं ते बरं झालं, कन्सल्टंटला काय माहीत कोण अर्धा दिवस गावाला गेलं.

दिवाळीआधी अजून सहा जण घेतेय, म्हणजे वीस होतील, पीएफ आला. ठेकेदाराची माणसंही मोजायची म्हणालात ना? रविवारी रजिस्टर घेऊन येते. चहा मी करेन, तुम्ही साखर जास्त टाकता.

वर्कशॉपवाली, दुसरा मजला