ठिपका पिवळा आला होता, सर

आदरणीय सर,

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. हिंगोलीकडच्या ज्या पोरांनी तुमच्या हाताखाली फिजिक्सचं प्रॅक्टिकल केलंय, त्यांना न सांगताच कळेल.

परवा पुण्याहून आले. दोन महिने ऑप्टिक्सच्या लॅबमध्ये होते. लेसरचा किरण दोन वाटांनी पाठवायचा आणि परत एकत्र आणायचा, काम म्हणाल तर एवढंच. पण टेबलाला नुसता हात टेकला तरी पडद्यावरचे पट्टे पळायचे. सुरुवातीला लई घाबरले. नंतर हात बसला.

तीन विज्ञान अकादम्यांची ही समर फेलोशिप बीएस्सीच्या पोरांनाही मिळते, आणि उन्हाळ्याचा अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावा लागतो, हेसुद्धा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. शिफारसपत्रासाठी आधी ज्यांच्याकडे गेले त्यातले एक म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही ठोकतो." दुसऱ्यांनी विचारलं, "पुण्यात कुणी ओळखीचं आहे का?" एका मॅडमनी उभ्याउभ्याच बी.एड.चा सल्ला दिला. सगळे पर्मनंट, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे. तुम्ही सीएचबीवरचे, म्हणजे तासांच्या हिशोबानं शिकवणारे. तासांचे पैसे कधी निघतील त्याचा पत्ता नाही.

तुम्ही फॉर्म हातातसुद्धा घेतला नाही. खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणालात, "न्यूटन्स रिंग्जला तुझा मधला ठिपका पिवळा आला होता ना?"

सर, भिंग काचेवर ठेवून उजेडाची वर्तुळं बघायच्या त्या प्रयोगाला वर्ष होऊन गेलं होतं. पुस्तकात मधला ठिपका काळा, म्हणून अख्ख्या बॅचनं जर्नलमध्ये काळाच लिहिला. मला सोडियमच्या उजेडात पिवळा दिसला, मी पिवळा लिहिला. पोरं हसली. तुम्ही हसला नाहीत. भिंग आणि काच काढून रुमालानं पुसली, परत बसवली, आणि ठिपका काळा झाला. मध्ये धुळीचा कण असला की भिंग काचेला नीट टेकत नाही, हे तेव्हा समजलं. पण तुमच्या ते ध्यानात राहिलं असेल असं वाटलं नव्हतं. घरी जाताना बसमध्ये ओढणी तोंडावर घेऊन रडले.

पत्रातही तुम्ही तेच लिहिलंत. पुण्याच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पिवळ्या ठिपक्याची मुलगी तूच का?"

औंढ्याजवळ लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होणार म्हणून आमच्याकडं जमिनीच्या भावाच्या गप्पा चालतात. 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटी मंजूर केले, तो आकडा पारावर सगळ्यांना पाठ. त्या चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंतून लेसर धावणार आणि शेवटी आपल्या प्रॅक्टिकलमधलाच इंटरफेरन्स, म्हणजे दोन किरण एकमेकांत मिसळल्यावर काय होतं तेच, बघणार, हे सांगणारे तुम्ही एकटे. आमचे अण्णा आता चारचौघांत हात पसरून दोन्ही बाहू दाखवतात. थोडं चुकीचं सांगतात, पण सांगतात.

पोरांकडं नीट बघणारी माणसं आपल्या भागात आहेत, सर. फक्त त्यांचीच नेमणुकीची ऑर्डर दरवर्षी नव्यानं निघते, याचा राग येतो. यंदाची निघाली का?

मी आता जॅमच्या, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला लागलेय. सेकंड इयरच्या दोघी दिवाळीआधी तुमच्याकडं येतील. एकीला बोलायला वेळ लागतो, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची विद्यार्थिनी