अमेरिकेतली दहावी आणि घरातला हिशेब

महोदय,

दर उन्हाळ्यात आपल्या दैनिकात दहावीचे निकाल आणि अकरावीचे प्रवेश यांवर बराच मजकूर येतो आणि तो मी इथे न्यू जर्सीत बसूनही आवर्जून वाचते, कारण माझा धाकटा मुलगा यंदा दहावीत आहे. इथे नववी ते बारावी अशी हायस्कूलची चार वर्षे असतात आणि दहावीतल्या विद्यार्थ्याला ‘सोफोमोर’ म्हणतात. बोर्डाची परीक्षा नसल्यामुळे आपल्याकडून आलेले काही पालक हे वर्ष मोकळे समजतात, तर काही जण कॉलेज प्रवेशाच्या धास्तीने पंधरा वर्षांच्या मुलाला हजारो डॉलर घेणाऱ्या खासगी सल्लागारापुढे नेऊन बसवतात. थोरल्या मुलीच्या वेळी आम्ही पहिल्या प्रकारात मोडत होतो. त्या अनुभवावरून मला वाटते की, दहावीत करण्यासारखे खरे काम घरातच आणि बिनपैशाचे आहे, आणि तेच नेमके राहून जाते.

पैशांचा विषय आधी घेते. केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीसाठी इथे ‘फाफ्सा’ नावाचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात दोन वर्षांपूर्वीच्या, म्हणजे आधारवर्षाच्या, प्राप्तिकर विवरणपत्रातले उत्पन्न धरले जाते. म्हणजे जो विद्यार्थी २०२८ च्या शरद ऋतूत कॉलेजात जाणार, त्याच्या पहिल्या वर्षासाठी २०२६ चे उत्पन्न मोजले जाणार, आणि ते वर्ष दहावीच्या मध्यावरच, १ जानेवारीला सुरू झालेले असते. आम्हाला हे ठाऊक नव्हते. मुलगी दहावीत असताना, मार्च २०२१ मध्ये, महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कातली सवलत संपत आली होती, गिऱ्हाईक चांगले मिळाले, म्हणून आम्ही भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून पुण्यातला जुना फ्लॅट विकला. इथल्या ग्रीन कार्डधारकाला जगभरातले उत्पन्न दाखवावे लागते, त्यामुळे तो सगळा नफा आमच्या २०२१ च्या विवरणपत्रात आला आणि मुलगी २०२३ मध्ये कॉलेजात गेली तेव्हा तो आमचे नेहमीचे उत्पन्न असल्यासारखा हिशेबात धरला गेला. खरेदीखताची प्रत जोडून कॉलेजच्या आर्थिक साहाय्य विभागाशी पत्रव्यवहार करण्यात आमचे कित्येक महिने गेले. तोच व्यवहार डिसेंबर २०२० मध्ये झाला असता, तर तो या हिशेबात आलाच नसता, आणि तेव्हा शुल्कातली सवलतही जास्त होती. गावाकडची जमीन, फ्लॅट किंवा शेअर विकण्याच्या विचारात असलेल्या पालकांनी मुलाची इयत्ता बघून मगच तारीख ठरवावी, एवढे मी कळकळीने सांगेन.

एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या पालकांच्या, मुलांची स्थिती तर फार नाजूक आहे आणि तिच्याबद्दल मराठी घरांत पुरेसे बोलले जात नाही. या मुलांना केंद्र सरकारची मदत मिळत नाही, उन्हाळ्यात पगारी नोकरी करता येत नाही, आणि एकविसावे वर्ष पूर्ण होताच आईवडिलांवर अवलंबून असलेला दर्जा संपतो. तोवर ग्रीन कार्ड आले नसेल, आणि भारतीयांची रांग पाहता ते बहुधा आलेले नसते, तर शिक्षण चालू ठेवण्यासाठी सहसा एफ-१ विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. आपण इथे राहतो त्या राज्यातली सरकारी विद्यापीठे अशा मुलांकडून स्थानिक रहिवाशांच्या दराने शुल्क घेतात का, दर्जा बदलल्यावर तो दर टिकतो का, याची चौकशी दहावीतच करायला हवी. बारावीत ती केली, तर मुलाने मनात धरलेले कॉलेज त्याच्या हातून काढून घ्यावे लागते.

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर आपल्या कुटुंबाला प्रत्यक्ष किती खर्च येईल याचा अंदाज देणारे गणकयंत्र कायद्यानेच ठेवलेले असते. मुलाला शेजारी बसवून एका संध्याकाळी चार-पाच कॉलेजांचे आकडे काढावेत. त्याच बैठकीत काउंटी कॉलेजचे, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजचेही नाव घ्यावे. न्यू जर्सीत वर्गातल्या पहिल्या १५ टक्क्यांत येणाऱ्या मुलांना ‘एनजे स्टार्स’ योजनेतून तिथली ट्यूशन फी मिळू शकते, आणि २००७ च्या राज्य कायद्यामुळे तिथली दोन वर्षांची पदवी घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाण्याची सोय आहे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून हा मार्ग आपण चर्चेलाही घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

दुसरे काम विषय निवडण्याचे. फेब्रुवारीच्या सुमारास मूल पुढच्या वर्षाच्या विषयांचा कागद घरी आणते आणि आपण स्वयंपाक करता करता त्यावर सही करतो. थोरलीने दोन वर्षांनंतर स्पॅनिश सोडले, मी सही केली, आणि बारावीत कळले की, तिच्या आवडीच्या दोन कॉलेजांना एकाच भाषेची तीन-चार वर्षे अपेक्षित होती. गणिताचेही तसेच. नववीत अल्जेब्रा-१ घेतलेले मूल वर्षाला एक पायरी चढत बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोचते. त्याला इंजिनिअरिंगला जायचे असेल आणि त्याआधी कॅल्क्युलस हवे असेल, तर दहावीत भूमिती आणि अल्जेब्रा-२ एकत्र घेणे किंवा उन्हाळ्यात एक विषय उरकणे हे शाळेच्या काउन्सेलरशी तेव्हाच ठरवावे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर आपल्या सरासरीत दहावी आणि अकरावीचेच गुण धरते, आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण पाहतच नाही.

दहावीतल्या पीएसएटीची, म्हणजे एसएटीच्या सराव परीक्षेची, मात्र धास्ती नको, कारण नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी अकरावीच्या ऑक्टोबरातली परीक्षाच धरतात. उपक्रमांचे म्हणाल, तर कॉमन अ‍ॅप या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात जास्तीत जास्त दहा उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरे. त्या दहा जागा भरण्यासाठी मुलाचे शनिवार-रविवार विकत घेऊ नयेत.

अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत, निदान फाफ्साच्या आधारवर्षाबद्दल आणि एच-४ मुलांबद्दल, जाणकारांकडून सविस्तर लेख लिहून घ्यावेत, अशी विनंती आहे. यंदा धाकट्याचा विषयांचा कागद दोन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर होता. त्याने स्पॅनिश कायम ठेवले, रसायनशास्त्र वरच्या पातळीचे घेतले आणि शेवटच्या तासाला सुतारकाम मागितले. सही मी दुसऱ्या संध्याकाळी केली.

आपली विश्वासू,
एक पालक, एडिसन, न्यू जर्सी