आईच्या स्टेंटसाठी तीनदा फोन करणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

सोलापूरहून आईला घरी आणलं त्या दिवशी गडबडीत तुमच्याशी धड बोलणंही झालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. आमच्या सांगोल्याकडं पित्तनळीत स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी, घेऊन फिरणारी माणसं आणखीही असतील, त्यांच्याही घरी ते कुणीतरी वाचावं.

आईचं पित्ताशय दोन वर्षांपूर्वीच दुर्बिणीनं काढलं होतं. त्यामुळं पौषात ती पिवळी पडली तेव्हा खड्याची शंका आम्हाला आलीच नाही. गावठी औषधात आठ दिवस गेले. मग एका रात्री थंडी वाजून ताप भरला, बरगडीखाली उजवीकडं कळ आली, आणि तशीच तिला तुमच्याकडं आणली. कावीळ किती चढली ते सांगणारं बिलिरुबिन, एरवी एकच्या आसपास असतं, ते ९.८ होतं. एरवी सहा-सात मिलिमीटरची असणारी पित्तनळी फुगून १६ झालेली, आणि आत खडे.

"पित्ताशयच न्हाई तर खडा आला कुठनं?" हे आईनं सगळ्यांना विचारलं. नीट उत्तर तुम्ही दिलंत. आमची डाळिंबाची बाग आहे हे कळल्यावर तुम्ही ठिबकच्या नळीचंच उदाहरण घेतलंत. पाणी संथ चाललं, आत गाळ बसला की टाकी कितीही स्वच्छ असली तरी नळी चोंदते. पित्त साचून राहिलं, त्यात जंतू वाढले की नळीतच तपकिरी, मऊ खडे धरतात. आईला हे एका झटक्यात पटलं, कारण नळ्यांची टोकं सोडून गाळ काढायचं काम बागेत तीच करते.

पहिल्या एन्डोस्कोपीत, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, डॉक्टरांनी पित्तनळीच्या तोंडाशी छेद देऊन दोन खडे काढले. हा छेद आतून देण्याची पद्धत १९७४ साली जर्मनी आणि जपानमध्ये सुरू झाली, त्याआधी अशा खड्यासाठी पोटच उघडावं लागायचं, असं त्यांनी सांगितलं. तिसरा खडा मात्र १८ मिलिमीटरचा होता. नळीत पू होता, आईचा रक्तदाब खाली आलेला. अशा वेळी झटत बसलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून खडा तसाच ठेवून शेजारून प्लास्टिकचा स्टेंट सरकवला. पित्त उतरू लागलं, ताप गेला. चौथ्या दिवशी आई भाकरी खात होती.

फाइलवर लिहिलं होतं, तीन महिन्यांनी स्टेंट काढणे व उरलेला खडा काढणे. ते मी वाचलं होतं, सिस्टर. तरी गेलो नाही.

तुमचा पहिला फोन आला तेव्हा बागेत फवारण्या चालू होत्या. पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो. दुसऱ्या फोनला म्हणालो, आई ठणठणीत आहे, बहार हाती आला की बघू. तुम्ही रागावला नाहीत. तिसऱ्यांदा फोन केलात तेव्हा म्हणालात, "दादा, जरा आजींकडं द्या."

मी शेजारीच उभा होतो. आई आधी नेहमीचंच बोलली, "मला काय बी होत न्हाई, कशाला परत नळकांडं घालायचं?" मग तुम्ही एकेक विचारत गेलात. लघवी पिवळी होते का? संध्याकाळी हुडहुडी भरते का? अंगाला खाज सुटते का? खाजेवर आई थांबली. माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "रातची लई सुटती." फोन ठेवल्यावर मी तिच्या पोलक्याची बाही वर केली. दंडापासून मनगटापर्यंत नखांचे ओरखडे होते. खर्च नको, कामात खोळंबा नको, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. रोज एका ताटाला बसणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं, आणि तुम्हाला ते सोलापुरात बसून कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आलो. काढलेला स्टेंट तुम्ही ट्रेमध्ये दाखवलात. बोटभर लांबीची ती नळी काळपट हिरव्या गाळानं आतून ठासली होती, नुसती एक रेघ मोकळी. आणखी पंधरा दिवस गेले असते तर पुन्हा तो ताप आला असता. या वयात तो दुसरा ताप तिला सोसला असता का, याचा विचार मला अजून रात्री जागं ठेवतो.

पण याच स्टेंटनं एक कामही केलं होतं. तीन महिने घासून घासून खडा झिजला होता. नळीचं तोंड फुग्यानं रुंद केलं, खडा जाळीच्या बास्केटमध्ये धरून तिथंच चुरडला आणि फुगा दोनदा फिरवून चुरा आतड्यात उतरवला. शेवटी नळीत एक्स-रेत दिसणारा डाय सोडून काढलेला फोटो डॉक्टरांनी मला दाखवला. वरपासून खालपर्यंत नळी एकसारखी भरलेली, मध्ये खड्याचा एकही ठिपका नाही. आईला खडा बघायचा होता. तो संडासावाटे जाईल म्हटल्यावर ती जरा हिरमुसलीच.

तोंडात प्लास्टिकचं कडं, घशात दुर्बीण, अशा वेळी कुणीतरी सारखं पाठीवरून हात फिरवत "आजी, नाकानं श्वास घ्या" म्हणत होतं, हे ती आल्यागेल्याला सांगते. गुंगीतही तिला तेवढं आठवतं.

निघताना तुम्ही टेबलावरची लांब वही उघडलीत. नाव, गाव, फोन, स्टेंट घातल्याची तारीख, काढायची तारीख. आईच्या ओळीवर पट्टी ठेवून लाल रेघ मारलीत. ही वही तुम्ही स्वतःहून ठेवता, हे मला तुमच्या वॉर्डातल्या मावशींकडून कळलं. तुमच्या हातावर काय ठेवायचं ते मला सुचलं नाही. नुसते हात जोडले.

आमच्या वरच्या आळीतल्या एका काकांनाही असाच स्टेंट घातलाय, दुसऱ्या गावच्या दवाखान्यात. तिथं अशी वही आहे की नाही, ठाऊक नाही. त्यांची तारीख मी आमच्या कालनिर्णयवर लाल पेनानं लिहिलीय. भाद्रपदात येते. गाडीचंही बोलून ठेवलंय.

आईनं तुम्हाला घरी बोलावलंय. डाळिंबं उतरली की पहिली पेटी तुमची, असं ती म्हणते.

आपला,
सांगोला तालुक्यातला एक डाळिंब बागायतदार