तक्रार पत्र: न विचारता बदललेला प्रोसेसर, बदललेल्या डिस्क आणि पिनकोड बघून नाकारलेली सेवा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: गेमिंग आणि घरचा मीडिया सर्व्हर एकाच मशीनवर चालवण्यासाठी मागवलेल्या पीसीत ठरलेले भाग न देणे व निपाणी येथे वॉरंटी सेवा नाकारणे.

महोदय,

तुमच्याकडून मागवलेला पीसी माझ्या घरी चालू आहे, पण ज्या कामासाठी मागवला ते काम त्याच्याकडून होत नाही. कोटेशनमध्ये इंटेलचा आय5-12400 प्रोसेसर होता, आला आय5-12400एफ. कोटेशनमध्ये नॅससाठीच्या, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास चालणाऱ्या साठ्यासाठी बनवलेल्या, 8 टीबीच्या दोन हार्ड डिस्क होत्या. आल्या साध्या डेस्कटॉपच्या. त्याआधी ना फोन, ना मेल. आणि हे बदलून द्या म्हटल्यावर उत्तर मिळालं की निपाणी कर्नाटकात येते, तेव्हा मशीन स्वखर्चाने बेंगळुरूला पाठवा.

चॅटवर आणि फोनवर हे सगळं सांगून झालं आहे. तिथे दर वेळी नवा माणूस येतो आणि पहिल्यापासून विचारायला लागतो. म्हणून सगळं एकाच पत्रात मांडतो आहे. ज्यांना यावर निर्णय घ्यायचा अधिकार आहे त्यांनी ते शेवटपर्यंत वाचावं, एवढी विनंती.

आधी माझी गरज सांगतो, कारण तुमच्या विक्री विभागाला ती मी ऑर्डरच्या आधीच लिहून कळवली होती. धाकट्या भावाला गेम खेळायला चांगलं मशीन हवं होतं. मला घरचा सर्व्हर हवा होता. वडिलांच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग कॅसेटवरून उतरवून ठेवली आहेत, बहिणीच्या लग्नाच्या डीव्हीडी आहेत, गेल्या कित्येक वर्षांचे मोबाईलमधले फोटो आणि व्हिडिओ आहेत. वडील आता नाहीत. त्या मंडळातले बरेच आवाजही आता फक्त त्या फायलींमध्येच उरले आहेत. हे सगळं दोन डिस्कवर आरशासारखं दुहेरी साठवायचं, जेलीफिन हा घरचे व्हिडिओ दुसऱ्या उपकरणांवर दाखवणारा प्रोग्राम टाकून आईला घरच्या टीव्हीवर आणि कोल्हापूरला दिलेल्या बहिणीला तिच्या मोबाईलवर बघता येईल असं करायचं, हा बेत होता.

दोन वेगळी मशीन घेतली असती तर दोन कॅबिनेट, दोन पॉवर सप्लाय, दोन यूपीएस आणि दिवसरात्र दोन्हींचं वीजबिल. म्हणून एकच मशीन घ्यायचं ठरवलं. खाली प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच मशीनवर अनेक सिस्टीम चालवणारी प्रणाली, त्यावर भावासाठी विंडोजचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या आतलं आभासी मशीन, आणि ग्राफिक्स कार्ड थेट त्या विंडोजला जोडून द्यायचं. सर्व्हरचं काम बाजूला कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, चालेल. काही ऑनलाइन गेमची फसवणूक-रोधक यंत्रणा व्हर्च्युअल मशीनमध्ये गेम सुरूच होऊ देत नाही, हे माहीत होतं. भाऊ तसले गेम खेळत नाही, म्हणून ती अडचण नव्हती.

आता या बेतात प्रोसेसरच्या नावातलं ते एक अक्षर का महत्त्वाचं, ते सांगतो. ग्राफिक्स कार्ड एकदा व्हर्च्युअल मशीनला दिलं की खालच्या सिस्टीमला ते वापरता येत नाही. मग सर्व्हरला व्हिडिओ बदलून पाठवायला दुसरं काहीतरी लागतं. आमचा टीव्ही जुना आहे, तो एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ स्वरूपातल्या फायली चालवत नाही. बहीण मोबाईल डेटावर बघते, तिला मोठी फाईल जशीच्या तशी पाठवून चालत नाही. म्हणजे दोन्हीकडे जेलीफिनला व्हिडिओ त्याच वेळी दुसऱ्या स्वरूपात रूपांतरित करत पाठवावा लागतो. आय5-12400 मध्ये यूएचडी 730 हे अंगचं ग्राफिक्स असतं आणि त्यातली क्विक सिंक ही व्हिडिओ रूपांतराची सोय हेच काम अगदी थोड्या विजेत करते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यात हे ग्राफिक्स वापरायलाच मिळत नाही. तुमच्याच संकेतस्थळावर एफवाला प्रोसेसर स्वस्त आहे, तो याचमुळे. बिलावर मात्र मला बिनएफच्या प्रोसेसरची किंमत लागली आहे.

हे लक्षात आलं ते असं. मशीन लावल्यावर मी मॉनिटरची एचडीएमआय केबल मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात घातली. स्क्रीन काळीच. केबल बदलली, मॉनिटर बदलला, तरी काळीच. तीच केबल ग्राफिक्स कार्डात घातल्यावर चित्र आलं. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो, तर पहिल्याच पानावर प्रोसेसरच्या नावापुढे एफ. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही एकच जीपीयू दिसत होता, तुमचं कार्ड. बायोसच्या त्या पानाचा फोटो तुमच्या तिकिटाला तेव्हाच जोडला आहे, तो अजून तिथे आहे.

तुमच्या तांत्रिक विभागाने यावर लिहिलं की ग्राफिक्स कार्डातही एनकोडर, म्हणजे व्हिडिओ रूपांतर करणारा भाग, असतो, तोच वापरा. असतो, आणि चांगला असतो. पण तो वापरायचा तर कार्ड व्हर्च्युअल मशीनला देता येत नाही, म्हणजे ज्या रचनेसाठी हे मशीन घेतलं ती रचनाच मोडते. मग विंडोज थेट मशीनवर टाकून त्यातच जेलीफिन चालवावं लागतं. नाइलाजाने सध्या मी तेच केलं आहे. भावाने गेम अडकला म्हणून रीस्टार्ट केलं की आईचा कार्यक्रम बंद पडतो. विंडोजने रात्री स्वतःहून अपडेट घेतलं की सकाळी बहिणीचा फोन येतो, काहीच लागत नाही म्हणून. एचडीआर, म्हणजे जास्त उजेड-रंगांच्या, व्हिडिओचे रंग साध्या टीव्हीसाठी बदलायचं काम त्याच कार्डावर पडतं, तेव्हा चालू गेम अडखळतो. दोघांचं काम दोघांना त्रास न होता चालावं एवढीच मागणी होती, आणि नेमकी तीच पुरी झाली नाही.

शिवाय विजेचं गणित आहे. भिंतीच्या प्लगला मीटर लावून पाहिलं, तर गेम बंद असतानाही मशीन 90 वॉटच्या आसपास ओढतं. दिवसाला दोन युनिटच्या वर, महिन्याला सुमारे 65 युनिट. कर्नाटकात गृहज्योती योजना आहे. 2023 पासून घरगुती ग्राहकाला ठरलेल्या मर्यादेपर्यंत वीज मोफत मिळते, पण महिन्याचा वापर 200 युनिटच्या वर गेला की हेस्कॉम या वीज कंपनीचं पूर्ण बिल भरावं लागतं. आमच्यासारख्या घरात चोवीस तास चालणारं मशीन किती वीज खातं, याला म्हणून महत्त्व आहे. क्विक सिंक घेण्यामागे हे कारणही होतं आणि तेही मी विक्री विभागाला कळवलं होतं.

आता डिस्क. यावर तुम्ही ‘क्षमता तेवढीच आहे’ एवढंच लिहिलंत. क्षमता तेवढीच आहे, पण जात वेगळी आहे. मागवलेल्या डिस्क सीएमआर होत्या, म्हणजे प्रत्येक पट्टा सुटा. आलेल्या डिस्कचं मॉडेल बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात पाहिलं, तिथे स्पष्ट एसएमआर लिहिलं आहे. त्यात पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची सगळी उचलून पुन्हा बसवावी लागतात. थोडं थोडं लिहिलं तर कळत नाही, कारण डिस्क ते आधी वेगळ्या जागेत घेते आणि सवडीने जागेवर लावते. पण मी वडिलांच्या रेकॉर्डिंगचा संपूर्ण साठा एका दमात उतरवायला घेतला, तेव्हा सुरुवातीला चांगला असलेला वेग मध्येच कोसळला आणि शेवटपर्यंत सावरला नाही.

उशीर लागतो हे मी एक वेळ सोसलं असतं. खरी भीती पुढची आहे. जोडीतली एक डिस्क गेली की नवी डिस्क लावून जुनीवरचं सगळं तिच्यावर लिहावं लागतं. नव्या सीएमआर डिस्कवर 8 टीबी लिहायला साधारण अर्धा दिवस पुरतो. एसएमआरवर, त्यातून झेडएफएससारखी फाईल सिस्टीम असली तर, त्याला कित्येक दिवस लागू शकतात, आणि तेवढा काळ सगळा साठा उरलेल्या एका डिस्कच्या भरवशावर असतो. म्हणूनच नॅसच्या डिस्कचे जास्तीचे पैसे मोजले होते. गेम पुन्हा उतरवता येतो. आमच्या घरच्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही.

‘समतुल्य किंवा अधिक चांगला भाग देण्याचा हक्क राखीव’ ही अट तुम्ही मला दोनदा कळवलीत. समतुल्य कशासाठी, हा प्रश्न आहे. फक्त गेम खेळायचे असते तर एफवाला प्रोसेसर तेवढाच वेगवान आहे, हे मी मान्य करतो. पण मी वापर लिहून दिला होता, तुमच्या माणसाने त्या वापरासाठी हेच भाग योग्य असल्याचं उलट लिहिलं होतं, आणि त्यानंतरच मी पैसे भरले. तो मेल वाचून जोडणी केली असती तर हे दोन भाग कुणी बदलले नसते. माल संपला असेल तर तसं कळवायचं होतं. मी थांबलो असतो.

सेवेबद्दलही स्पष्ट लिहितो. निपाणी ते कोल्हापूर अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, मधे कोगनोळीचा टोलनाका आणि कागल. इथली माणसं दवाखान्याला, कॉलेजला, खरेदीला रोज कोल्हापूरला जातात. तुमचा तंत्रज्ञ कोल्हापुरात आहे, त्याच्याशी मी स्वतः बोललो. तो यायला तयार होता, पण त्याच्या यादीत फक्त महाराष्ट्रातले पिनकोड आहेत. आमचा पिनकोड 591 ने सुरू होतो, म्हणून तक्रार आपोआप बेंगळुरूला जाते. बेंगळुरू इथून पाचशे किलोमीटरच्या पुढे. तिथल्या तुमच्या माणसांशी मी कन्नडमध्ये बोललो, तीही नीट बोलली. अडचण भाषेची नाही. काचेचं कॅबिनेट आणि दोन भरलेल्या हार्ड डिस्क कुरिअरने एवढ्या लांब पाठवायला मी तयार नाही. तुमच्या जाहिरातीत ‘भारतभर घरपोच सेवा’ लिहिलं आहे. बिल करताना माझा पत्ता दुसऱ्या राज्यातला आहे हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा कर, लावलात. तेव्हा ऑर्डर घ्यायला जे राज्य चाललं ते सेवा द्यायलाही चाललं पाहिजे. सीमाभागातल्या माणसाला दोन्हीकडच्या यादीतून वगळलं जाणं नवीन नाही, पण पैसे घेतलेल्या कंपनीकडून ते ऐकून मला मनापासून वाईट वाटलं.

कॅबिनेटच्या सीलचंही लिहून ठेवतो. पुढे डिस्क वाढवाव्या लागतील, त्यासाठी झाकण उघडलं तर चालेल असं विक्री विभागाने लिहून दिलं होतं. आता सेवा विभाग म्हणतो की सील तोडलं तर वॉरंटी संपेल. यातलं पहिलं उत्तर ग्राह्य धरावं.

माझी मागणी पैसे परत देण्याची नाही. मशीनचं बाकी काम चांगलं आहे, जोडणी नीटनेटकी आहे आणि भाऊ खूश आहे. तुमच्या कोल्हापूरच्या तंत्रज्ञाने निपाणीला येऊन एफवाला प्रोसेसर काढून कोटेशनमधला आय5-12400 बसवावा आणि दोन्ही डिस्कच्या जागी सीएमआर असलेल्या नॅसच्या 8 टीबी डिस्क द्याव्यात. नव्या डिस्कवर साठा उतरवून, तपासून झाल्याशिवाय जुन्या मी हातातून सोडणार नाही, म्हणून त्या परत न्यायला मला मधे काही दिवस द्यावेत. यातला कोणताही खर्च माझ्यावर नको. सील उघडायची परवानगी आणि सेवा कोल्हापूरहून मिळेल हे, दोन्ही लेखी द्यावं, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा बेंगळुरूचं नाव निघणार नाही.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं असतं. तेवढी वाट मी बघेन. त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बिलाखाली तुम्ही ‘न्यायक्षेत्र पुणे’ छापलं आहे, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. तिथवर जायची वेळ येऊ नये, अशीच माझी इच्छा आहे.

कोटेशन, बिल, विक्री विभागाशी झालेला मेल, बायोसचा आणि डिस्कच्या लेबलचा फोटो हे सगळं या पत्रासोबत जोडलं आहे. तंत्रज्ञ रविवार सोडून कोणत्याही दिवशी संध्याकाळी सहानंतर आला तरी मी घरी असतो. पत्ता आणि मोबाईल नंबर ऑर्डरवर आहे तोच.

आपला,
एक ग्राहक
निपाणी, जि. बेळगाव