टॅटू आहे म्हणून कुणाला कम्युनियनपासून लांब ठेवू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मागे एक पत्र आलं होतं, कॅथलिक माणसाने टॅटू काढणं म्हणजे देवाची आज्ञा मोडणं असं त्यात ठामपणे म्हटलं होतं. ते वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाहीये म्हणून लिहितेय. मी चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, पोरं मला हे सारखं विचारतात, टीचर टॅटू चालतो का, आणि घरी त्यांना उत्तर मिळतं ते त्या पत्रासारखंच, बायबलमधलं लेवीय 19:28 वाच आणि गप्प बस.

मग ते वचनच आधी नीट वाचूया. मृतांसाठी अंगावर जखमा करून घेऊ नका आणि अंग गोंदवून घेऊ नका, दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत. आजूबाजूच्या लोकांच्या ज्या मूर्तिपूजेच्या आणि शोक करायच्या पद्धती होत्या त्यांच्यापासून इस्राएल लोकांनी वेगळं राहावं, हा त्यामागचा हेतू असं बरेच अभ्यासक सांगतात. त्याच अध्यायात 19व्या वचनात दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नका असंही आहे आणि 27व्यात दाढीच्या कडा कापू नका असंही, आणि हे दोन्ही नियम वचन दाखवणारे लोकसुद्धा पाळत नाहीत आणि त्यांनी पाळायची गरजही नाही, कारण इ.स. 50च्या सुमारास येशूचे प्रेषित यरुशलेममध्ये एकत्र बसले आणि यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांवर लेवीय ज्यात येतं त्या मोशेच्या नियमशास्त्राचं सगळं ओझं टाकायचं नाही असं त्यांनी ठरवलं (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15). कोणी म्हणेल मग 18व्या वचनातलं 'शेजाऱ्यावर प्रीती कर' पण गेलं का? नाही गेलं. चर्चचे मोठे धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी 13व्या शतकातच हा फरक सांगून ठेवलाय, जुन्या करारातले नैतिक नियम कायमचे, विधींचे आणि न्यायनिवाड्याचे नियम त्या काळापुरते. प्रीतीची आज्ञा तर येशूने स्वतः सगळ्यात मोठ्या आज्ञांमध्ये धरली. टॅटूबद्दल नव्या करारात कुठेही मनाई नाही.

चर्चच्या कागदपत्रांत शोधलं तरी तेच. 1983च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, टॅटूवर बंदी नाही, 1992च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीच्या पुस्तकातही नाही. काहीजण कॅटेकिझमचा 2297 नंबरचा परिच्छेद दाखवतात पण तिथे विषय वैद्यकीय कारण नसताना अवयव कापणं, शरीर निकामी करणं असा आहे, कातडीखाली शाई गेल्याने कुठला अवयव निकामी होत नाही. उलट इतिहास बघितला तर आठव्या शतकात उत्तर इंग्लंडमध्ये नॉर्थम्ब्रियात पोपच्या प्रतिनिधींसमोर जी सभा झाली तिच्यात मूर्तिपूजकांच्या पद्धतीने अंग रंगवण्याला विरोध झाला, पण कोणी देवासाठी हे सोसलं तर त्याला मोठं प्रतिफळ मिळेल असंही म्हटलं गेलं. यरुशलेमला जाणारे युरोपातले यात्रेकरू शेकडो वर्षं हातावर क्रूस गोंदवून घरी परतायचे. बोस्नियात ओटोमन राजवटीत कॅथलिक बायका हातांवर क्रूस गोंदवायच्या, आपली श्रद्धा कोणी पुसू नये म्हणून. आणि 19 मार्च 2018 ला रोममध्ये तरुणांच्या बैठकीत फादर व्हायचं शिक्षण घेणाऱ्या एका युक्रेनियन सेमिनरियनने विचारलं तेव्हा पोप फ्रान्सिस म्हणाले की टॅटूला घाबरू नका, एरिट्रियातले ख्रिस्ती कपाळावर क्रूस काढतात त्याची आठवण त्यांनी दिली, अतिरेकही होतो असं म्हणाले, पण या विषयावरून तरुणांशी बोलणं सुरू करता येतं हे त्यांचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

याचं कारण सांगते. आमच्या चर्चच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, एक मुलगा येतो, आई गेल्यावर त्याने मनगटाच्या वर एक बारीक क्रूस आणि त्याखाली तिच्या मृत्यूची तारीख काढून घेतली. कोणीतरी त्याला सांगितलं की हे मृतांसाठी केलंय म्हणजे लेवीयात लिहिलंय तेच पाप, त्यामुळे तो उकाड्यातही फुल शर्ट घालतो, शेवटच्या बाकावर बसतो आणि कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर घ्यायला, उठत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. जखमा करून शोक करणारे लोक मरणापुढे हताश होते, आणि हा मुलगा आईच्या तारखेवर क्रूस ठेवतोय, म्हणजे ती ख्रिस्तात उठणार असं म्हणतोय, हे दोन्ही एक कसं काय? मी त्याला हेच सांगितलं आणि फादरांना भेट म्हटलं.

आता याचा अर्थ काहीही काढा असा मुळीच नाही. कॅटेकिझम कुठल्याही कृतीबद्दल तीन गोष्टी बघायला सांगतो, काय केलं, कशासाठी केलं आणि कुठल्या परिस्थितीत केलं. अश्लील चित्र, कुठल्या जातीचा किंवा वंशाचा द्वेष, सैतानाची चिन्हं हे चालणार नाही, ते टी-शर्टवरही चालत नाही. निव्वळ लोकांनी बघावं म्हणून, शरीराचीच पूजा मांडायला काढला, तर त्याबद्दल कॅटेकिझमच्या परिच्छेद 2289 मध्ये इशारा आहे. शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर हे संत पौलाचं वाक्य (1 करिंथ 6:19) तिथे व्यभिचाराबद्दल आलंय, ते टॅटूवर फेकून मारू नये, पण शरीर माझ्या एकटीच्या मालकीचं नाही हे त्यातून निघतंच. घरी आईवडिलांजवळ राहणाऱ्या मुलांनी त्यांचं ऐकायचं हेही दहा आज्ञांमधल्या चौथ्या आज्ञेत येतं, त्यामुळे लपूनछपून काढणं मला मान्य नाही. सुई स्वच्छ नसेल तर हिपॅटायटिस होऊ शकतो, तीही जबाबदारी आहेच. शाई कातडीच्या आतल्या थरात राहते, लेझरने काढायला पुन्हा पुन्हा जावं लागतं आणि तरी खूण राहू शकते, म्हणून बॉयफ्रेंडचं नाव काढायला निघालेल्या पोरीला मी थांब म्हणतेच.

पण कम्युनियन अडवायचा अधिकार यातून कोणालाही मिळत नाही. कॅनन लॉचं 843 नंबरचं कलम सांगतं की योग्य वेळी, योग्य मनःस्थितीत मागणाऱ्याला आणि कायद्याने मनाई नसलेल्याला कम्युनियनसारखे संस्कार नाकारता येत नाहीत, आणि कम्युनियन कोणाला द्यायचं नाही हे सांगणाऱ्या 915 नंबरच्या कलमात बहिष्कृत लोक आणि उघड गंभीर पापात हट्टाने राहणारे लोक येतात, टॅटूवाले नाहीत. त्या पत्रलेखकांना आणि ज्या पालकांनी ते पत्र कापून पोराच्या हातात दिलं असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आधी त्याला विचारा काय काढलंस आणि का, आणि मग त्याला घेऊन फादरांकडे जा.

आपली,
धर्मशिक्षण वर्गाची एक शिक्षिका